ओळखणारा

लग्नघरी आधी दागिने मोजतात, मग माणसं.
मी पोचलो तेव्हा पाटल्या, गोठ, तन्मणी, नथ
स्टीलच्या ताटात ओळीनं निजवलेली होती
आणि मामा सांगत होता, सगळं आहे, काही गेलेलं नाही.

जनकगंजातलं कार्यालय. माघातली थंडी.
मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा.
गौरीहरापुढचा पाट रिकामा, तांदूळ वाटीत तसेच.
आचारी दोनदा येऊन विचारून गेला,
जिलबी सोडू का थांबू?

मी दिघे. ग्वाल्हेरात खाजगी चौकशा करतो.
बहुतेक लग्नांआधीच्या: मुलगा पितो का,
मुलीच्या चष्म्याचा नंबर किती.
हिचीही केली होती दिवाळीनंतर, वरपक्षाकडून, दीडशे रुपयांत.
पान दोन, ओळ सहा: नोकरीची इच्छा नाही.
तिच्या वडिलांनी दारातच सांगितलं होतं तसं.
ती मागे उभी होती तांब्या-भांडं घेऊन.
मी पाणी प्यालो. तिला विचारलं नाही.

कुणाबरोबर गेली ते शोधा, वरपिता म्हणाले.
कुठे, असं कुणीच म्हणालं नाही.
मोठ्या स्टेशनावर चार भाऊ चार फलाटांवर
दिल्लीच्या, झाशीच्या गाड्या चाळत होते.
मी तिची ट्रंक उघडली.
शालू होता. रुखवतातली क्रोशाची बदकं होती.
मार्कशीट नव्हत्या. शाईचं पेन नव्हतं.
तळच्या वर्तमानपत्राखाली एक लांब खाकी पाकीट,
रिकामं, मुरैन्याचा शिक्का, तीन आठवडे जुना,
आणि त्याला वडिलांच्या कपाटातल्या
डांबरगोळ्यांचा वास.

घोसीपुऱ्याच्या तिकीटबाबूनं गल्ल्यातून
पाचाची नोट काढून दाखवली. कडेला हळद.
जौरा, एक. खिडकी मिळेल का विचारत होती, म्हणाला,
मैंने कहा, बेटा, पूरी गाड़ी ही खिड़की है।

अरुंद रुळांची गाडी ती. शेरडंसुद्धा तिच्यापुढे जातात.
पळून जायला कुणी असली गाडी धरतं?
वाटेत चहा पिऊनही माझ्या लॅम्ब्रेटानं
तिला सुमावलीला गाठलं.
स्कूटर स्टेशनमास्तरांच्या हवाली करून चढलो.

डब्यात कुणा गुराख्याच्या पोरीनं
मुंडावळ्या बांधल्या होत्या कपाळाला
आणि बाहेर मान काढून ती त्या मोहरीला दाखवत होती.
शेजारी शैलजा. हळदीच्या साडीवर भावाचा स्वेटर.
मला पाहून दचकली नाही.
म्हणाली, तुम्ही पाणी प्यायला होतात.

मग पत्र पुढे केलं.
प्राथमिक शाळा, जौऱ्यापासून अडीच कोस.
आजच्या तारखेस पाचपर्यंत रुजू न झाल्यास
नेमणूक रद्द समजावी.
घड्याळ पाहिलं. बारा सात.
तिकडे भटजींच्या तोंडात सावधान अडकलं असेल.
तो शब्द ऐकून पळालेल्या मुलाची गोष्ट
आपल्याकडे पोरांना कौतुकानं सांगतात.
हिनं तर ऐकायचीही वाट पाहिली नव्हती.
गाडी मध्येच थांबली, कुणी तरी लघवीला उतरलं, पुन्हा निघाली.

जौऱ्याच्या कचेरीत पंखा बंद, फायलींवर विटा.
बाबूनं चष्म्यावरून पाहिलं: मेंदी, हळद,
स्वेटरच्या उसवलेल्या बाह्या.
अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं त्यानं.
इथं ओळखणाऱ्याची सही लागते.
आहे कुणी ओळखणारं?

ती भिंतीकडे बघत राहिली.
मी तिचं पेन मागितलं. शाई दाटली होती,
झटकलं, एक थेंब बुटावर.
नाव लिहिलं, पत्ता लिहिला. धंद्यापाशी जरा थांबलो.
किती वर्षांपासून ओळखता?
आज दुपारपासून, म्हटलं.
असं चालत नाही, बाबू म्हणाला, पाच लिहा.

पाच लिहिले.
तिच्याविषयी कागदावर
माझं हे दुसरं खोटं.